मेश्राम मावशींची मंडळी

मेश्राम मावशी कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाणी मागायच्या, आणि ग्लास ओठांना लावायच्या आधी नाकाला लावायच्या. आमच्या बॉथेलच्या घरी आल्या तेव्हाही तेच. मला वाटलं ग्लास नीट घासला गेला नाही. मी तो परत घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "ग्लास चांगला आहे गं. पाणी पाहून राहिली. क्लोरीन आहे, पण मागून डोंगर येते." आणि गटागटा पिऊन टाकलं. आमच्या नळाला मागून डोंगर येतो हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गेल्यावर मी आणि माझा नवरा समीर, दोघांनी चोरून नळाचं पाणी हुंगून पाहिलं. आम्हाला कसलाही वास आला नाही.

त्यांची ओळख झाली जयंतीच्या कार्यक्रमात. सिएटलच्या आसपासची आम्ही काही बौद्ध घरं दर एप्रिलला बॉथेलमध्ये एक हॉल भाड्यानं घेतो. वंदना होते, भाषणं होतात आणि मग घरोघरून आणलेलं जेवण. त्या वर्षी पावभाजी आणि पुलावाच्या ट्रेंच्या रांगेत एक पोचे आलेलं पातेलं होतं, आणि त्यात जवसाचं वाटण लावलेला, माशाच्या डोक्यांचा लालभडक रस्सा. पातेल्यामागे साठीच्या एक बाई उभ्या होत्या. केस बारीक कापलेले, अंगात निळा रेनकोट, पायात रबरी बूट, आणि कॉलरवर माशाचा एक खवला चिकटलेला. मी भाबडेपणानं विचारलं, "मावशी, रावस आहे का?"

"रावस तुमच्या मुंबईचा. हा सॅमन. दोघांची साधी ओळखसुद्धा नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या प्लेटमध्ये एक अख्खं डोकं ठेवलं. "डोळा आधी खा."

मी सोलापूरची. पण ते सांगायची सोय नव्हती, कारण त्या पुढच्या प्लेटकडे वळल्या होत्या.

त्या दिवशी निखिल नावाच्या मुलाचं भाषण होतं. अमरावतीचा, इथल्या युनिव्हर्सिटीत नद्यांवर पीएचडी करणारा, बोलायला चुणचुणीत. भाषणाच्या शेवटी तो म्हणाला की आपण सगळे सॅमनसारखे आहोत, कितीही समुद्र फिरलो तरी एक दिवस जन्माच्या पाण्याकडे परतणार. टाळ्या पडल्या. दोघातिघांचे डोळेही पाणावले. मागून मावशींचा आवाज आला, "सॅमन परत येते ते अंडी घालायला आन् मरायला. तू कशासाठी चालला बाप्पा?"

हॉल हसला, निखिलही हसला. हसत हसत त्यानं विचारलं, "मग तुम्ही नाही का कधी जाणार परत?"

"मी गेली तर माझ्या मंडळींकडे कोण पाहील?"

ही मंडळी म्हणजे मुलं-नातवंडं असावीत असं आम्हाला वाटलं. मावशींनी लग्न केलं नव्हतं हे नंतर कळलं. मंडळी म्हणजे मासे. बॉथेलपासून तीन तासांवर, समुद्रकाठी हेमलॉक बे नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या सरकारी हॅचरीच्या मावशी प्रमुख होत्या. "मंडळी आज जेवली नाहीत", "मंडळींना ताप आहे", "मंडळी पुढच्या महिन्यात निघतील" ही त्यांची रोजची भाषा. फोनवर त्यांचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं बाईंचं फार मोठं एकत्र कुटुंब आहे आणि सगळे आजारी आहेत.

हॅचरी म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं, तेही भांडी घासता घासता. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात चढतो. त्या भागातल्या डोंगरांवरचं जंगल तोडलं, नद्यांना बांध घातले, ओढ्यांचे तळ गाळानं भरले. मासा चढायचा कुठे आणि अंडी घालायची कशात? मग माणसानं ते काम अंगावर घेतलं. शरद ऋतूत जो मासा परत येईल त्याची अंडी काढायची, उबवायची, पिल्लं हौदांत दीड वर्ष वाढवायची आणि वसंतात समुद्राला सोडायची. पुढच्या वर्षीच्या शरदात ती मोठी होऊन खाडीत येतात. काही कोळ्यांच्या जाळ्यात जातात, त्यावर गाव जगतं. उरलेली ओढ्यातून वर चढून हॅचरीत येतात, त्यांच्या अंड्यांवर पुढची पिढी. हेमलॉक बेमधला बर्फाचा कारखाना, मासळीचा धक्का, नाक्यावरचं कॅफे आणि बहुधा शाळासुद्धा या चक्रावर उभी होती. एक वर्ष अंडी मिळाली नाहीत की तीन वर्षांनी गावाचा शरद कोरडा जाणार.

आम्ही दर नोव्हेंबरात एक शनिवार तिथं मदतीला जायला लागलो. आमची ईशा तेव्हा सात वर्षांची होती. ओढ्यापासून हॅचरीपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यांवरून पाणी खाली वाहतं. मासे एकेक पायरी उडी मारून वर येतात. त्याला तिथं शिडी म्हणतात. वर आलेल्या मादीला डोक्यात एक फटका, मग पोट चिरून नारिंगी अंडी बादलीत, त्यावर नराचं पाणी, मग ओढ्याचं पाणी, आणि बोटांनी हलकेच ढवळायचं. ईशा पहिल्यांदा पाहून रडायला लागली. मावशींनी तिला जवळ घेतलं नाही, गोंजारलं नाही. तिच्या ओंजळीत चार अंडी ठेवली आणि म्हणाल्या, "घट्ट धरू नको. सैलही सोडू नको."

ईशानं विचारलं, "डू दे नो दे आर गोइंग टु डाय?"

मावशींनी खरोखर विचार केला. मुलांच्या प्रश्नांना त्या मोठ्यांच्या प्रश्नांपेक्षा जास्त वेळ द्यायच्या. मग म्हणाल्या, "आय डोन्ट थिंक सो, बेटा. दे आर व्हेरी बिझी."

माशाच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. हॅचरीतल्या पिल्लांचा तो लहानपणीच कापतात. मोठेपणी जाळ्यात आलेला मासा पाहून कोळ्याला कळावं म्हणून. पर कापलेला असेल तर हॅचरीचा, ठेवायचा. शाबूत असेल तर तो नदीत आपला आपण जन्मलेला, परत पाण्यात सोडायचा. मावशींना मेलेल्या माशाच्याही पाठीवरून अंगठा फिरवायची सवय होती. जिथं पर असायला हवा तिथं अंगठा क्षणभर थांबायचा. बाजारात, पार्टीत, बर्फावर मांडलेल्या माशावरसुद्धा त्या असा अंगठा फिरवायच्या आणि दुकानदार ओरडायचे.

निखिल पुढे अधूनमधून हॅचरीवर यायला लागला, मुख्यतः भांडायला. त्याचं म्हणणं होतं की हॅचरी हाच रोग आहे. हौदात वाढलेला मासा मऊ होतो, तो नदीतल्या माशांत मिसळला की त्यांचीही जात कमजोर होते, आणि हॅचरी आहे म्हटल्यावर नदी दुरुस्त करायची घाई कुणालाच राहत नाही. मला वाटलं मावशी आता त्याला रबरी बुटानं हाणतील. त्या त्याला अंड्यांचे ट्रे धुवायला लावून शांतपणे म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिला. ही कुबडीच आहे. पण लंगड्याची कुबडी काढून घेतली तर तो उद्या धावायला लागते का? आधी पाय बरा कर, मग काढ. आन् मधल्या काळात वॉल्टनं काय खायचं ते त्याला जाऊन सांग."

"आणि पाय कधी बराच नाही झाला तर?"

"मग मी जन्मभर कुबड्या विकल्या असं होईल," मावशी म्हणाल्या. हे मात्र त्या हसून म्हणाल्या नाहीत.

वॉल्ट म्हणजे गावातला जुना कोळी. आजोबांपासून बोट, स्वभावानं तिरसट, आणि मावशींचा बहुधा एकुलता मित्र. दर रविवारी दोघं कॅफेत समोरासमोर बसून आपापली कॉफी प्यायचे. बोलायचे फारच थोडं. वॉल्ट त्यांना डॉक म्हणायचा. मावशींनी एकदा त्याला जवसाची चटणी खाऊ घातली. त्यानं खोकत खोकत आणखी मागितली.

स्वतःच्या गावाबद्दल मावशी क्वचित बोलत. भंडारा जिल्हा, मोठा जुना तलाव, एवढंच. फक्त एकदा, धो धो पावसात हॅचरीच्या शेडमध्ये अडकलो होतो तेव्हा म्हणाल्या, "त्या तलावाला माझ्या आजीला शिवू देत नव्हते. एम.एस्सी.ला असताना त्याच तलावात मी मत्स्यबीज सोडलं. आजी काठावर बसून होती. मी म्हटलं, ये, पाण्यात हात घाल. तिनं आधी वास घेतला." पाण्याचा वास घ्यायची सवय कुठून आली हे मला तेव्हा समजलं, आणि त्याबद्दल मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हेमलॉक बेमध्ये अजून त्यांचं नाव निघतं ती सांगते.

एका हिवाळ्यात मोठं वादळ झालं आणि हॅचरीच्या वरचा उघडाबोडका डोंगर ओढ्यात घसरला. ओढा चहासारखा वाहू लागला. तेच पाणी हौदांत, आणि चिखलानं पिल्लांच्या कल्ल्यांची वाट लागलेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्याजवळ, मासे डबाबंद करायचा एक जुना कारखाना आहे. त्याला सगळे कॅनरीच म्हणतात. कॅनरी कधीच बंद पडली, पण तिचे सिमेंटचे हौद शाबूत होते आणि त्यांत टेकडीच्या झऱ्याचं नितळ पाणी येत होतं. मावशींनी टाकी लावलेले ट्रक मागवले, वॉल्टनं धक्क्यावरची माणसं बोलावली, आणि पिल्लं कॅनरीत हलवली. सगळी वाचली. गावानं मावशींना डोक्यावर घेतलं.

वसंत आला तरी ओढा निवळेना. पिल्लांची समुद्रात जायची वेळ झालेली, ती थांबत नसते. मावशींनी त्यांना कॅनरीतूनच खाडीत सोडलं. मी फोनवर विचारलं, "मग ती परत हॅचरीतच येतील ना?"

"येतील," मावशी म्हणाल्या. "अंडी या ओढ्यातली, पहिलं पाणी या ओढ्याचं. जन्माचं पाणी ते विसरत नाहीत."

निखिलच्या भाषणावर हसलेल्या बाई हे म्हणत होत्या. माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षीचा शरद आला. त्या वर्षी सरकारी कार्यालयानं आधीच कळवलं होतं की हॅचरी जुनी आहे, खर्चिक आहे. यंदा पुरेशी अंडी मिळाली नाहीत तर ती बंद करायचा विचार होईल. ऑक्टोबरात खाडीत मासा उसळला. वॉल्ट म्हणाला, इतका मासा त्यानं वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. गाव खूश. आणि हॅचरीची शिडी रिकामी. मावशी रोज सकाळी पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहायच्या, पाणी नुसतं वाहत असायचं. खाडीत एवढा मासा आणि वर एकही येत नाही, याचा अर्थ त्यांनी एकच काढला. खाडीतच सगळा मारला जातोय. त्यांनी कार्यालयाला फोन केला आणि ऐन हंगामात खाडीतली मासेमारी बंद करवली.

बोटी धक्क्याला लागल्या. वर्षाची कमाई ज्या आठवड्यांत व्हायची त्या आठवड्यांत माणसं कॅफेत बसून खिडकीतून खाडी पाहत होती, आणि खाडीत मासे उड्या मारत होते. वॉल्टनं मावशींना जाऊन सांगितलं की आम्ही ठरल्याबाहेर एकही मासा मारलेला नाही. मावशी म्हणाल्या, "मग माझे मासे गेले कुठे?" त्या रविवारी वॉल्ट वेगळ्या टेबलावर बसला.

आमचा शनिवार आला तेव्हा आम्ही गेलो. निखिलही आणखी चार विद्यार्थ्यांना घेऊन आला होता. काढायला अंडीच नव्हती. मावशींनी सगळ्यांच्या हातात ब्रश दिले आणि रिकामे ट्रे धुवायला लावले. धुतलेलेच ट्रे होते ते. त्यांचा चेहरा ओढलेला होता, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

दुपारी फोन वाजला. कॅनरीशेजारी कपडे धुवायचं दुकान चालवणारी डोना बोलत होती. मावशींनी ऐकलं, एकदा "कुठे?" म्हणून विचारलं, आणि फोन खिशात टाकायचा विसरून तो हातात तसाच धरून गाडीकडे निघाल्या. आम्ही मागे.

कॅनरीतून झऱ्याचं पाणी एका नाल्यानं खाडीला जातं. डोनाच्या दुकानामागून, काटेरी झुडपांतून, एका जुन्या पाइपातून. जेमतेम दोन-तीन हात रुंद. तो नाला माशांनी भरला होता. लाल पडलेल्या पाठी पाण्याबाहेर, एकमेकांवर चढलेल्या, पुढे रेटा लावणाऱ्या. बंद कॅनरीच्या भिंतीपाशी येऊन ते भिंतीला धडका देत होते. डोनाचा कुत्रा वेड्यासारखा भुंकत होता. त्याच्या भुंकण्यामुळेच ती मागे आली होती.

मावशी गुडघ्यांवर बसल्या. ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं. मग ते हळूच परत सोडलं.

"काय झालं मावशी?" मी विचारलं.

"काही नाही. ते बरोबर आले," त्या म्हणाल्या. "मीच चुकली."

पण तेव्हा बसून राहायला वेळ नव्हता. निखिल धक्क्यावर पळाला आणि कॅफेत बसलेल्या माणसांना घेऊन आला. वॉल्ट आला, हातजाळी आली, बर्फाच्या कारखान्यातले मोठे डबे आले. मावशींशी न बोलणारी माणसं नाल्यात उतरली. हातोहात मासे डब्यात, डबे ट्रकवर, ट्रक हॅचरीकडे. ईशा आणि डोना डब्यांत पाणी ओतत होत्या. समीरच्या छातीवर एका नरानं असा तडाखा दिला की तो नाल्यात बसला, आणि वॉल्ट त्या आठवड्यातलं पहिलं हसला. नाल्याच्या वरच्या अंगाला, काट्यांच्या जाळीत घुसलेले काही मासे हाती लागेनात. मावशी म्हणाल्या, "राहू द्या ते." संध्याकाळपर्यंत अंडी झाली. हॅचरी वाचेल एवढी झाली.

पुढच्या आठवड्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावाची सभा होती. कार्यालयाची दोन माणसंही आली होती. मावशींनी मला सोबत बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कशासाठी बोलावलं असेल तर ते तेवढंच. सभेत डोना उठून म्हणाली की हा देवाचा चमत्कार आहे. मासे स्वतःच्या पायांनी गावात आले, गाव वाचवायला. माशांना पाय नसतात हे कुणी काढलं नाही. लोकांनी मान डोलावली. कार्यालयाची माणसंही हसली. विषय तिथं संपला असता आणि सगळं गोड झालं असतं.

मावशी उठल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, पण भंडाऱ्याच्या हेलात, आणि माझ्या कानांना ते मराठीच वाटलं.

"चमत्कार नाही. चूक आहे, आणि माझी आहे. मासा समुद्रात जाताना शेवटी ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्याकडे परत येतो. हे मी कित्येक वर्षं मुलांना शिकवते. यांना मी कॅनरीच्या झऱ्यावरून सोडलं. दुसरा इलाज नव्हता, त्याचं मला काही वाटत नाही. पण शिडी रिकामी दिसल्यावर नाल्यापाशी जाऊन वाकून पाहायला मला किती वेळ लागला असता? मी पाहिलं नाही. माझ्या चुकीपेक्षा तुमचा लोभ मला खरा वाटला. तुम्ही एकही मासा जास्त मारला नव्हता. तुमचा हंगाम मी बुडवला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वॉल्टनं टोपी घातली आणि तो बाहेर गेला. कार्यालयाची माणसं आता हसत नव्हती.

गाडीत मी म्हटलं, "मावशी, एवढं सांगायची काही गरज नव्हती. लोक खूश होते."

"होते ना खूश. मग पुढच्या वेळी शिडी रिकामी राहिली तर काय करतील? चमत्काराची वाट पाहत बसतील. कारण माहीत असलं तर नाल्यात पाहतील." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आन् त्या निखिलला मी हसली होती. जन्माचं पाणी म्हणे. मलाही तेच आवडत होतं गं, म्हणून खरं वाटलं." त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटला.

हॅचरी राहिली. मावशी राहिल्या नाहीत. कार्यालयानं गोड शब्दांत त्यांना त्यांच्या मनात होतं त्याआधी निवृत्त केलं आणि एक तरुण बाई प्रमुख म्हणून आली. मावशींनी तिला सगळं नीट समजावून दिलं. कुणाबद्दल तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त जेवणात तिखट वाढलं.

वॉल्ट हिवाळाभर बोलला नाही. वसंतात पिल्लं सोडायचा दिवस आला, मावशींच्या नोकरीतला शेवटचा. हौदाचं दार उचलायच्या वेळी वॉल्ट येऊन उभा राहिला. "कुठल्या पाण्यावरून सोडतेस, डॉक?"

"ओढ्याच्या."

त्यानं खाली वाकून ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. बराच वेळ हुंगलं. "मला तर चिखल येतोय."

"तोच ओढा," मावशी म्हणाल्या. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा एका टेबलावर होते. हे मला डोनानं सांगितलं.

मावशी गावातच राहिल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाल्याच्या घटनेनंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबरात. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेत गेल्या एवढं डोनानं फोनवर कळवलं, आणि त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. नोव्हेंबरातलं मात्र लिहायचं आहे.

मी एकटीच गेले होते. नागपूरहून कुणी आलं होतं, त्यांच्याकडून मावशींसाठी जवस मागवला होता, तो द्यायला. घरी त्या नव्हत्या. डोना दुकानाच्या दारातून म्हणाली, "मागे असेल. आठवडाभर रोज तिथंच असते." पाऊस भुरभुरत होता. मावशी नाल्याच्या काठावर, काट्यांच्या जाळीपाशी, निळ्या रेनकोटात उकिडव्या बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हातानंच हळू ये म्हणून खुणावलं. मी शेजारी बसले.

नाल्यात एक मादी होती. एकटीच. कुशीवर होऊन शेपटीनं खडीत खड्डा करत होती. थोडं थांबायची, पुन्हा शेपूट हाणायची. थोड्या अंतरावर एक नर ताटकळत उभा होता.

"पाठ पाहा," मावशी कुजबुजल्या.

मी पाहिलं. ती पाण्यात सरळ झाली तेव्हा शेपटीच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढा मऊ पर हलत होता. शाबूत.

त्या दिवशी जाळीत राहिलेले, ज्यांना राहू द्या म्हणाल्या होत्या ते मासे मला आठवले. त्यांनी इथंच खडीत अंडी घातली असणार. त्यांची ही लेक. ना हौद, ना ट्रे, ना कात्री. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचा अंगठा त्यांच्याच गुडघ्यावर पुढे-मागे फिरत होता.

"इथं जन्मली," त्या म्हणाल्या. "आपल्याला न विचारता."

"मावशी, निखिलला फोटो पाठवू? तो उडेल. हॅचरीत सांगू या, वॉल्टला..."

"सांगू. उद्या सांगू सगळ्यांना. आज नको. लोक पाहायला येतील, फोटो काढतील." त्यांनी माझा फोन धरलेला हात हलकेच खाली दाबला. "शी इज व्हेरी बिझी."

आम्ही बसून राहिलो. पाऊस वाढला तेव्हा मला निघावं लागलं, लांबचा रस्ता होता. जवसाची पुडी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न पाहताच रेनकोटाच्या आत सरकवली. दुकानाच्या कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. डोनाचा कुत्रा शेपूट हलवत त्यांच्यापाशी आला होता आणि नाल्यात डोकावून भुंकायच्या बेतात होता. मावशींनी एका हातानं त्याची मान कवेत घेतली होती, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवून त्या त्याला गप्प राहायला सांगत होत्या.